सहज बोललेल्या मताचं वजन

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २९ डिसेंबर १६७५ रोजी एक फर्मान काढलं. देशातली सगळी कॉफीगृहं बंद करावीत, असा तो हुकूम होता. कारणही त्यात दिलेलं होतं: तिथे रिकामटेकडे लोक जमतात आणि राजाच्या कारभाराची बदनामी करणाऱ्या खोट्यानाट्या वार्ता पसरवतात. लंडनच्या कॉफीगृहात त्या काळी एक पेनी मोजली की बसायला जागा मिळे. वार्तापत्रं वाचायला मिळत आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी नाटकांपासून लढायांपर्यंत कशावरही बोलता येई. या हुकुमाविरुद्ध एवढा गदारोळ झाला की अंमल सुरू होण्याआधीच राजाने तो मागे घेतला.

गप्पा हुकमाने थांबवता येतील, हा राजाचा समज चुकला. गप्पांच्या ताकदीचा त्याचा अंदाज मात्र अचूक होता.

‘पिक्चर बरा आहे, पण इंटरव्हलनंतर लांबलाय’, ‘या खेपेला सरकारचं काही खरं नाही’, ‘ती नवी मालिका बघच तू’. अशी वाक्यं आपण चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत दिवसभर बोलतो आणि विसरून जातो. बोलणारा विसरतो, ऐकणारा मात्र विसरतोच असं नाही. एखादा चित्रपट चालतो, एखादं गाणं घरोघरी पोहोचतं, एखाद्या नेत्याविषयीची हवा बदलते, तेव्हा त्यामागे अशा हजारो विसरलेल्या वाक्यांचं बळ असतं. समाजशास्त्रज्ञांनी हे कसं शोधून काढलं आणि आपल्या रोजच्या बोलण्यासाठी त्याचा अर्थ काय, ते या प्रकरणात पाहू.

मतदारांच्या मनावर कोणाचा प्रभाव?

१९३०च्या दशकात अमेरिका आणि युरोपातल्या विचारी लोकांना एका भीतीने घेरलं होतं. रेडिओ घरात शिरला होता. जर्मनीत हिटलरच्या प्रचारयंत्रणेने त्याचा पुरेपूर वापर चालवला होता. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सने मंगळावरून झालेल्या आक्रमणाचं श्राव्यनाट्य बातम्यांच्या थाटात सादर केलं आणि काही श्रोते खरोखर घाबरले. प्रचार थेट माणसाच्या डोक्यात शिरतो आणि त्याला हवं तसं वागवतो, असं तेव्हा अनेकांना वाटू लागलं.

पॉल लाझार्सफेल्ड यांनी हे तपासायचं ठरवलं. व्हिएन्नात जन्मलेले, गणितात डॉक्टरेट मिळवलेले लाझार्सफेल्ड १९३३ साली अमेरिकेत आले होते. १९४० साली राष्ट्राध्यक्षपदासाठी फ्रँकलिन रूझवेल्ट आणि वेंडेल विल्की यांच्यात लढत होती. लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत सहाशे मतदार निवडले आणि मे ते नोव्हेंबर दर महिन्याला त्याच माणसांना भेटून प्रश्न विचारले. मत कधी बदललं, कशामुळे बदललं, याचा महिन्यागणिक माग काढण्याची ही पद्धत त्या काळात नवीन होती.

निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघाले. रेडिओ आणि वर्तमानपत्रांमुळे बाजू बदललेली माणसं फारच थोडी निघाली. बहुतेकांचं मत मे महिन्यातच पक्कं झालेलं होतं. जे कुंपणावर होते, ते प्रचाराची भाषणं फारशी ऐकतही नव्हते. शेवटी त्यांनी ठरवलं कसं? त्यांच्या उत्तरांत माणसं येत होती: नवरा, सासरा, कामावरचा सोबती, शेजारी. उपाहारगृहात काम करणाऱ्या एका बाईने सांगितलं, की पेपर थोडाफार वाचला होता, पण खरं मत बदललं ते गिऱ्हाइकांचं बोलणं कानावर पडून. तिच्याशी कोणी वाद घातला नव्हता, तिला कोणी पटवलंही नव्हतं. टेबलाशी उभी असताना जे ऐकू आलं, त्याने काम केलं.

१९४४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून एक नवी कल्पना पुढे आली. प्रसारमाध्यमांतून निघालेला विचार आधी थोड्या उत्सुक, जास्त वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसांपर्यंत जातो आणि त्यांच्या बोलण्यातून बाकीच्यांपर्यंत पोहोचतो. या माणसांना अभ्यासकांनी मतनेते म्हटलं. त्यांच्याकडे पद नसतं, व्यासपीठ नसतं. ती आपल्या गल्लीतली, आपल्या घरातलीच माणसं असतात.

डेकेटरच्या आठशे स्त्रिया

हे मतनेते नेमके कोण, हे शोधण्यासाठी १९४५ साली पुढचा अभ्यास झाला. इलिनॉय राज्यातलं डेकेटर हे साधारण साठ हजार वस्तीचं शहर त्यासाठी निवडलं गेलं. पैसा एका मासिक-प्रकाशन कंपनीने दिला. पुढे मोठे समाजशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेले सी. राइट मिल्स प्रत्यक्ष पाहणीचं काम सांभाळत होते. आठशे स्त्रियांना चार विषयांवर प्रश्न विचारले गेले: घरखर्चाची खरेदी, फॅशन, चित्रपट आणि सार्वजनिक घडामोडी. तुम्ही अलीकडे कोणाचं ऐकून मत बदललंत, तुमचा सल्ला कोणी घेतला, असे ते प्रश्न होते. एवढंच करून पाहणी थांबली नाही. ज्यांची नावं निघाली, त्यांना गाठून त्यांच्याकडूनही शहानिशा केली गेली.

या अभ्यासाचं महत्त्व त्याच्या विषयांत आहे. चित्रपट आणि फॅशन यांसारख्या हलक्याफुलक्या मानल्या गेलेल्या गोष्टींना त्याने राजकारणाच्या शेजारी बसवलं आणि सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली.

प्रत्येक विषयाचा मतनेता वेगळा निघाला. कोणता साबण घ्यावा, कुठला नाश्ता आणावा, हे मोठ्या कुटुंबाचा संसार चालवणाऱ्या अनुभवी गृहिणींना विचारलं जाई. चित्रपटाच्या बाबतीत अविवाहित तरुण मुलींचा शब्द चाले, इतका की वयाने मोठ्या स्त्रियाही त्यांना विचारत. सार्वजनिक घडामोडींत शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचं वजन जास्त होतं, आणि त्या काळाला धरून पाहता आश्चर्य नाही की स्त्रिया या विषयात वडिलांचं किंवा नवऱ्याचं मत अधिक मानत. चारही विषयांत जिचा शब्द चालतो अशी एखादी सर्वज्ञ बाई असेल, ही कल्पना टिकली नाही. प्रभाव वाटलेला होता, आणि बहुतेक वेळा तो आपल्याच थरातल्या, आपल्याच वयाच्या माणसांमध्ये फिरत होता.

एलिहू कात्झ आणि लाझार्सफेल्ड यांनी हे सारं १९५५ साली पुस्तकरूपाने मांडलं. त्यावर टीकाही झाली, आणि ती लक्षात घेण्याजोगी आहे. लोक एकमेकांचं ऐकतात हे खरं, पण ते कशावर बोलतात हे कोण ठरवतं? मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल या गावातल्या मतदारांचा अभ्यास केला. माध्यमं ज्या प्रश्नांना मोठी जागा देतात, तेच प्रश्न मतदारांना महत्त्वाचे वाटतात, असं त्यात दिसलं. म्हणजे गप्पांचा विषय बऱ्याचदा बाहेरून येतो. त्या विषयावर मत काय व्हायचं, ते मात्र आपसात ठरतं.

थिएटरच्या बाहेर लागणारा निकाल

आपल्याकडे याची सर्वांत ठळक साक्ष चित्रपटगृहांनी दिली आहे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, तेव्हा समीक्षा प्रतिकूल होत्या आणि व्यवसायातले जाणकार त्याला पडेल ठरवून मोकळे झाले होते. जय मरतो हा शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा का, यावर दिग्दर्शक रमेश सिप्पी आणि त्यांचे सहकारी गंभीरपणे विचार करत होते. थोडं थांबून पाहू, असं ठरलं. त्या थांबण्याच्या काळात चित्रपट पाहून आलेली माणसं बोलू लागली. संवाद तोंडपाठ होऊ लागले, नुसत्या संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती हातोहात खपली. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये ‘शोले’ पाच वर्षं चालला. पहिल्या आठवड्यातला जाणकारांचा निकाल प्रेक्षकांनी फिरवला.

मराठी प्रेक्षकांनी अलीकडे घडवलेलं उदाहरण ‘बाईपण भारी देवा’चं. केदार शिंदे यांचा हा चित्रपट ३० जून २०२३ रोजी आला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा हे त्याचं कथानक. सगळ्याच नायिका वयाने मोठ्या, आणि व्यवसायाच्या हिशेबात या गोष्टी सहसा जमेच्या धरल्या जात नाहीत. पण एक बाई बघून आली, तिने भिशीत सांगितलं, जाऊबाईला सांगितलं, सोसायटीतल्या मैत्रिणींना सांगितलं, आणि बायका गट करून, नटूनथटून थिएटरात गेल्या. सासू, सून आणि नात एका रांगेत बसल्या. डेकेटरमध्ये चित्रपटाचा निकाल तरुण मुली देत होत्या. इथे तो पन्नाशीच्या बायकांनी दिला. प्रभाव कोणाकडे असतो हे समाज आणि काळ यांवर ठरतं, पण तो फिरतो त्याच वाटेने: ओळखीच्या तोंडून ओळखीच्या कानात.

अठ्ठेचाळीस गाण्यांचा प्रयोग

इथवर वाचून वाटेल, की चांगलं असेल त्याची चर्चा होते आणि जिंकतं तेच चांगलं असतं. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगाने या समजाला मोठा धक्का दिला.

मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी घेतली. १४ हजारांहून अधिक लोकांनी इंटरनेटवरून या प्रयोगात भाग घेतला. गाणी ऐकायची, गुण द्यायचे आणि हवं असेल ते गाणं उतरवून घ्यायचं, एवढंच काम होतं. एका गटाला फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांना आठ स्वतंत्र जगांत विभागलं होतं, आणि आपल्या जगातल्या आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं, तो आकडा त्यांना दिसे. गाणी सगळीकडे तीच, प्रत्येक जगाची सुरुवातही शून्यापासूनच.

गुणवत्ताच निर्णायक असती, तर आठही जगांत तीच गाणी वर यायला हवी होती. तसं झालं नाही. ‘लॉकडाउन’ नावाचं एक गाणं फक्त नावं दिसणाऱ्या गटात २६व्या क्रमांकावर, म्हणजे अगदी मध्यम ठरलं होतं. एका जगात ते पहिलं आलं आणि दुसऱ्या एका जगात ४०वं. सुरुवातीला चारदोन लोकांना ते आवडलं की नाही, एवढ्या फरकाने त्याचं नशीब बदललं. शिवाय लोकप्रियतेच्या क्रमाने यादी मांडून दाखवली, तेव्हा यशस्वी आणि अयशस्वी गाण्यांमधली दरी आणखी रुंदावली आणि कोण जिंकेल ते सांगणं आणखी अवघड झालं.

गुणवत्तेला काहीच अर्थ उरला नाही, असंही नव्हे. सर्वांत उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली आणि सर्वांत वाईट गाणी क्वचितच वर आली. पण या दोन टोकांच्या मध्ये काहीही घडू शकत होतं. आपल्या पाहण्यात येणारे बहुतेक चित्रपट, मालिका आणि गाणी याच मधल्या पट्ट्यातली असतात. म्हणून सुरुवातीला बोलणाऱ्याच्या मताला मोजता येईल इतकं वजन असतं. पहिल्या दिवशीचा पहिला खेळ पाहून आलेला माणूस आपल्या मित्रांपुरतं बोलत असतो, पण चित्रपटाचं भवितव्य कुठल्या बाजूला कलेल, हे ठरवायलाही तो हात लावत असतो.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. समीक्षकांची मतं एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर दिसणारी टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच ती सांगते. सगळ्यांना जेमतेम बरा वाटलेला चित्रपट तिथे शंभर टक्के मिळवू शकतो, आणि निम्म्यांना थोर व निम्म्यांना असह्य वाटलेला पन्नासावर अडकतो. धाडसी कलाकृती अनेकदा दुसऱ्या प्रकारच्या असतात. आकडा बघून तिकीट काढणाऱ्याने हा फरक जाणला नाही, तर त्याच्या वाट्याला गुळगुळीत चित्रपटच जास्त येतील.

गप्प बसणाऱ्यांचं काय?

बोलण्याला जशी ताकद आहे, तशी न बोलण्यालाही आहे. जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांना १९६५च्या पश्चिम जर्मन निवडणुकीत एक कोडं पडलं. कित्येक महिने दोन्ही मोठ्या पक्षांचा पाठिंबा जवळपास सारखा होता. पण ‘कोण जिंकेल?’ या प्रश्नाचं उत्तर हळूहळू एका बाजूला झुकत गेलं, आणि अखेरच्या टप्प्यात मतंही त्याच बाजूला सरकली.

त्यांनी १९७४ साली मांडलेलं स्पष्टीकरण असं: माणसाला एकटं पडण्याची भीती असते, म्हणून तो सतत वाऱ्याचा अंदाज घेतो. आपलं मत अल्पसंख्य आहे असं वाटलं की तो गप्प बसतो. तो गप्प बसला की ते मत आणखीच दुर्मीळ भासतं, आणि मग आणखी कोणी गप्प बसतं. हे तपासण्यासाठी त्यांनी लोकांना विचारलं: तुम्ही पाच तासांच्या रेल्वे प्रवासाला निघाला आहात. डब्यातल्या सहप्रवाशाने वादाच्या विषयावर ठाम मत मांडलं. तुम्ही बोलाल की टाळाल? पुणे-नागपूर प्रवासात राजकारणावरची चर्चा ऐकत खिडकीबाहेर बघत बसलेल्या कुणालाही हा प्रश्न आपलाच वाटेल. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम नोएल-नॉयमन यांना वाटला तेवढा जोरदार आढळला नाही. जवळच्या मंडळींचा आधार असेल, तर माणूस वाऱ्याविरुद्धही बोलतो. पण मोठ्या आवाजाला बहुमत समजण्याची चूक आपण रोज करतो, हे त्यांचं निरीक्षण खरं आहे.

पुढे ढकललेलं मत

चित्रपटाविषयी चुकीचं मत पसरलं, तर एका निर्मात्याचं नुकसान होतं. घडामोडींविषयी खोटं पसरलं, तर माणसं मरतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे भिक्षेसाठी फिरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे पसरली होती. ती पुढे पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांना कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. ‘काळजी घ्या’ एवढंच त्यांना सांगायचं होतं. याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणली.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार खऱ्या-खोट्या वार्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोटी वार्ता पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या वार्तेपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या वार्तेला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. यात यंत्रांचा दोष नव्हता. खोटं पुढे नेणारी माणसंच होती. खोट्यात नावीन्य असतं, धक्का असतो, आणि सांगणाऱ्याला ‘मला आधी कळलं’ याचा आनंद मिळतो.

मत देण्याआधी

मग मतं देऊच नयेत का? अवश्य द्यावीत. गप्पांतून मतं बनतात म्हणूनच लोकशाही चालते, आणि राजमान्यता नसलेली कलाकृतीही त्यामुळेच तरते. फक्त त्या मताला वजन आहे, हे ओळखून ते द्यावं.

२०१३ साली फिलिप फर्नबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपयोगी गोष्ट दाखवली. करपद्धती, आरोग्यविमा, निवृत्तीचं वय अशा धोरणांवर ठाम मत असलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं: हे धोरण प्रत्यक्षात कसं काम करतं, ते पायरी-पायरीने समजावून सांगा. सांगू लागल्यावर, आपल्याला वाटत होतं तेवढं हे कळलेलं नाही, हे लोकांच्या लक्षात आलं. नुसती बाजूची कारणं द्यायला सांगितलेल्यांवर तसा परिणाम झाला नाही. कारणं प्रत्येकाकडे असतात. प्रक्रिया सांगायला ज्ञान लागतं.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. चित्रपट पाहून बाहेर पडलात, की इतरांचे तारे आणि टक्केवारी बघण्याआधी स्वतःला काय वाटलं ते ठरवा, आणि ‘भारी’ किंवा ‘बकवास’ एवढ्यावर न थांबता एक कारण जोडा. राजकारणावर बोलताना, ते धोरण कसं चालतं हे दोन वाक्यांत सांगता येतं का, ते आधी मनात तपासा. आणि भीती किंवा संताप पेरणारी वार्ता हातात आली, की ती खरी असल्याचं कळेपर्यंत तिला आपल्याच हातात थांबवा. चौथं काम याहून अवघड आहे: गटात सगळे एका सुरात बोलत असताना तुमचं मत वेगळं असेल, तर शांतपणे ते मांडा. तुमच्यासारखंच वाटणारं, पण गप्प बसलेलं कुणीतरी शेजारी असण्याची शक्यता बरीच आहे.